रक्तदाब चढविणारी औषधे : कोणते अधिक निर्धोक?

दिल्लीत करोल बागेलगतचे सर गंगाराम रुग्णालय असो वा आपल्या जिल्ह्याचे, हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर कधी बिकट प्रसंग ओढवतो: हृदय दुबळे पडते, रक्तदाब घसरतो, अवयवांना रक्त पुरत नाही. हाच ‘कार्डिओजेनिक शॉक’ होय. रक्तदाब चढविण्यास पूर्वी डोपामाइन सर्रास देत. २०१० साली, निरनिराळ्या शॉकच्या १,६७९ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत डोपामाइन दिलेल्यांपैकी २४.१ टक्के रुग्णांच्या हृदयाची लय बिघडली. नॉरअॅड्रिनलिन दिलेल्यांपैकी १२.४ टक्क्यांची. त्यांतील कार्डिओजेनिक शॉकच्या २८० रुग्णांत मृत्यूही डोपामाइनच्याच बाजूस अधिक झाले. तेव्हा रक्तदाब चढला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. औषध अवधी मिळवून देते. झटक्याने बंद पडलेली धमनी वेळीच उघडली, तरच प्राण वाचण्याची आशा वाढते. म्हणून छातीत कळ उठताच रुग्णालय गाठावे.