अंगणातले रंगकाम

सांगलीतील एका जुन्या वाड्याच्या अंगणात अकरा वर्षे ताडपत्रीखाली एक मोटार उभी होती. १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी, रंग फिकट आकाशी. हळदीच्या पेठेत आयुष्य घालविलेल्या गृहस्थांनी ती नोंदणी करून, काही वर्षे वाट पाहून घेतली होती. आज त्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे. काचबिंदूने दृष्टी इतकी मंदावली आहे की समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. उजेड, सावली आणि मोठे रंग तेवढे कळतात.

गेल्या वर्षी भंगारवाल्याने गाडीची किंमत सांगितली आणि मुलाने जवळजवळ होकार दिला. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नातीला हाक मारली, तिचा हात धरून ताडपत्रीपर्यंत गेले आणि दारावरून, मडगार्डवरून तळहात फिरवीत बराच वेळ उभे राहिले. याच गाडीतून ते सहकुटुंब कुंभोजच्या बाहुबलीला जात असत. पत्नीची शेवटची यात्राही हिच्यातूनच झाली होती. त्या संध्याकाळी नातीने वडिलांकडे मुदत मागितली. गाडीचे इंजिन थोड्या खर्चात चालू झाले. प्रश्न उरला तो पत्र्याचा आणि रंगाचा.

या गाडीशी आपल्या समाजाचे नाते केवळ वापरणाऱ्याचे नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्याने तयार होणारी मोटार १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे उत्पादन थांबून दोन तपे उलटली. २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. आता जिच्या घरी ती आहे, त्यांनीच ती सांभाळायची.

एका गॅरेजने संपूर्ण रंगकामाचा जो अंदाज दिला, तो गाडीच्या किमतीहून अधिक होता. अंदाजपत्रक बारकाईने वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्यातील मोठा वाटा रंगाचा नव्हता, मजुरीचा होता. आणि मजुरीतही प्रत्यक्ष रंग फवारण्याचा वेळ अगदी थोडा. भाग सोडविणे, घासणे, लांबी भरणे, पुन्हा घासणे यांतच दिवस जातात. मग निर्णय सोपा झाला. घासकाम घरी करावयाचे, फवारणीच्या दिवसांपुरता अनुभवी पेंटर त्याच्या कॉम्प्रेसरसह रोजावर बोलवावयाचा.

पहिली तपासणी गंजाची झाली. पद्मिनीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा असतो. म्हणून दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा किंवा बॅटरीखालची जागा सडली असेल, तर तीवर लांबी भरून रंग देणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते. वेल्डिंग करून नवा पत्रा बसवावाच लागतो. पूर्वी कुणी लांबी थापून छिद्रे झाकली आहेत का, हे ओळखण्यास साधे लोहचुंबक पुरते. जाड लांबीवर ते धरत नाही. डाव्या दाराखाली चुंबक निसटले. तेवढे वेल्डिंग बाहेरून करून घेतले आणि तेथे पैशाची काटकसर केली नाही.

दाराच्या पोकळीत कुंभारमाशीची मातीची घरटी होती. बंद घरट्यात अळी असते. माशी बाहेर पडली की मातीला भोक दिसते. घरच्यांनी ती बाजू तशीच ठेवली आणि सर्व घरट्यांना भोके दिसल्यावरच माती काढली. चातुर्मासात रंगकाम न करण्याचे कारणही दुहेरी होते. त्या काळात जीवजंतू फार, आणि दमट हवा ताज्या रंगाची शत्रू. कार्तिकी पौर्णिमेनंतर कामास आरंभ झाला.

रंग कोणता, हा पुढचा प्रश्न. हार्डनर मिसळून वापरावयाचा पॉलियुरेथेन रंग टिकाऊ आणि चकचकीत असतो. पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा नसेल, तर तो घरच्या अंगणात फवारू नये. सिंथेटिक इनॅमल स्वस्त असते, परंतु सावकाश वाळते आणि तोवर धूळ व किडे त्याला चिकटतात. एन.सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग, ज्याला जुने लोक ‘ड्यूको’ म्हणतात, तो काही मिनिटांत सुकतो. चूक झाल्यास घासून पुन्हा देता येतो. त्याची चमक मात्र शेवटी हाताने पॉलिश करून आणावी लागते. घरच्यांजवळ हात होते, म्हणून एन.सी. ठरला.

जुना रंग कोणत्या जातीचा आहे हे पाहणे येथे आवश्यक असते. थिनरमध्ये भिजविलेला बोळा आडबाजूला घासावा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो एन.सी.; सुरकुतला तर इनॅमल; आणि काहीच झाले नाही तर भट्टीत पक्का केलेला किंवा हार्डनरचा. इनॅमलवर थेट एन.सी. फवारल्यास खालचा थर सुरकुततो. येथे मूळ रंग शाबूत निघाला. त्यामुळे सगळा रंग खरवडण्याऐवजी पक्का भाग नुसता घासून तसाच ठेवता आला. मूळ छटा जुळविण्यासाठी दुकानात नेले ते उन्हाने उडालेले बाहेरचे झाकण नव्हे, तर डॅशबोर्डमधील कप्प्याचे दार. त्याच्या आतल्या बाजूस ऊन कधी लागले नव्हते.

बंपर, दिवे, मुठी, पट्ट्या आणि रबरी बीडिंग काढून प्रत्येक स्क्रू चिठ्ठी लावलेल्या डबीत ठेवला गेला. गाडी साबणाने धुऊन तेलकटपणा काढला. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे टाळून पाणी-पेपर वापरला. लहान मुलांना त्या भागात येऊ दिले नाही. गंज ब्रशने काढून प्रायमर दिला, खळग्यांत लांबीचे पातळ थर भरले, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासले. आधी १२० नंबरचा पेपर, मग २२०, मग ४००. हे काम रविवारमागून रविवार चालले.

येथेच आजोबांना काम मिळाले. पत्र्याची सपाटी डोळ्यांपेक्षा तळहाताला अधिक कळते, हे कसलेले कारागीर जाणतात; ते मऊ फडके हाताखाली धरून, कधी डोळे मिटूनही पत्रा चाचपतात. आजोबा खुर्ची ओढून बसत, फडके घेत आणि हात लांब फिरवीत नेत. “बाळ, इथं अजून खोलगट लागतंय,” असे त्यांनी म्हणावे आणि नातीने त्या जागी खडूने वर्तुळ काढावे. तिने खात्रीसाठी काळ्या रंगाचा अगदी विरळ थर उडवून वर ठोकळा फिरवून पाहिला. उंच भागावरचा काळा निघून जातो, खोल भागात तो राहतो. काळे ठिपके बहुतेक खडूच्या वर्तुळातच उरले. त्या दिवसापासून आजोबांनी ‘झाले’ म्हटल्याखेरीज कोणताही भाग पुढे गेला नाही.

तरीही पहिली फवारणी फसली. उत्साहात बॉनेट सकाळी सातला घेतले. हवेत दव होते. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील ओल त्यावर धरते. आकाशी रंगावर दुधासारखी साय आली. मुलाने ते सर्व पुन्हा घासावयास घेतले, तेव्हा तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. पुढच्या खेपेस पेंटरने दहा वाजून गेल्यावर, ऊन तापल्यावर हात घातला आणि सूर्य कलण्यापूर्वी काम थांबविले. संध्याकाळी दिव्यावर येणारे किडे ओल्या रंगात मरतात, तोही दोष त्यामुळे टळला.

फवारणीची रीत अशी: जमीन पाण्याने भिजवावी म्हणजे धूळ उडत नाही. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, सर्वत्र सारख्या अंतराने धरावी. मनगटाने कमान काढू नये. हात आधी हलवावा, मग घोडा दाबावा. प्रत्येक पट्ट्याने मागच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकावा. एक जाड थर ओघळतो. पाच-सहा पातळ थर, मधे दहा-पंधरा मिनिटे थांबून, एकजीव होतात. जवळपास चूल, निरंजन वा विडी असू नये. अंगणातही सेंद्रिय वाफांसाठीचा काडतुसाचा मास्क हवा. नाकाला बांधलेला रुमाल निरुपयोगी. उरलेला थिनर मोरीत ओतू नये. झाकून ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचा थिनर गन धुण्यास पुन्हा उपयोगी पडतो.

रंग काही आठवडे घट्ट होऊ दिल्यावर १५०० आणि २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून, रबिंग कंपाउंडने चमक आणली. साबण, पेपर, टेप, लांबी, प्रायमर, रंग, थिनर, वेल्डिंग आणि पेंटरची मजुरी हे सारे नातीने वहीत लिहिले होते. बेरीज गॅरेजच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी आली. घरच्यांचे अकरा रविवार त्या बेरजेत धरलेले नाहीत. रंग नोंदणीपत्रातील मूळचाच असल्यामुळे परिवहन कार्यालयात रंगबदलाची नोंद करावी लागली नाही. रंग बदलल्यास ती करणे आवश्यक असते. पंधरा वर्षांवरील गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण मात्र तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी करून घ्यावे लागते, ते त्यांनी केले.

डाव्या मागच्या मडगार्डवर, खालच्या बाजूस, एक बोटभर ओघळ राहिला आहे. तो कोणाला दिसला नव्हता. बाहुबलीला निघण्याच्या दिवशी गाडीभोवती फिरताना आजोबांच्या हाताला तो लागला. मुलगा ओशाळून म्हणाला, “आप्पा, परत आल्यावर घासून काढतो.” आप्पांनी नकार दिला. पुढच्या खेपेला आपली गाडी ओळखायला तो उपयोगी पडेल, एवढे बोलून ते पुढचे दार चाचपून आत बसले.