शेजार कायद्याने जुळतो का?

मलेशिया आणि सिंगापूर यांच्यामध्ये एक अरुंद सामुद्रधुनी आहे. सुमारे एक किलोमीटरचा रस्ता ओलांडला की देश बदलतो. 1963 ते 1965 अशी दोन वर्षे हे दोन्ही एकच राष्ट्र होते. दोन्हीकडे मलय, चिनी आणि तमिळ लोक राहतात. फरक आहे तो संख्येचा. मलेशियात मलय मुसलमान बहुसंख्य, तर सिंगापुरात चिनी बहुसंख्य आणि मुसलमान अल्पसंख्य.

दंगलीची झळ दोघांनीही सोसली. जुलै 1964 मध्ये सिंगापुरात पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. 13 मे 1969 रोजी क्वालालंपूर पेटले. दुखणे एकच होते, औषधे मात्र वेगळी निघाली.

मलेशियाचे म्हणणे असे, की गरिबी गेल्याशिवाय सलोखा टिकणार नाही. म्हणून 1971 मध्ये नवे आर्थिक धोरण आले. मलय आणि इतर भूमिपुत्रांना शिक्षण, नोकरी, घरखरेदी यांत सवलती मिळाल्या. 1970 च्या सुमारास मलेशियाच्या द्वीपकल्पात जवळपास निम्मी कुटुंबे गरीब होती. पुढच्या पिढ्यांत मलय मध्यमवर्ग उभा राहिला, हे मोठे यश आहे. पण घर घेताना सधन मलय कुटुंबालाही सूट मिळते आणि रबराच्या मळ्यात राबलेल्या तमिळ मजुराच्या मुलाला मिळत नाही. हा न्याय म्हणावा का?

सिंगापूरने लोकांना एका जिन्यावर आणले. तिथे दहापैकी जवळपास आठ रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. 1989 पासून प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत कोणत्या समाजाची किती घरे असावीत, याची मर्यादा ठरली. त्यामुळे एकाच समाजाच्या वस्त्या वाढल्या नाहीत. मुसलमान विखुरले, तेव्हा नमाजाचे काय? त्यासाठी 1975 मध्ये मशीद बांधणी निधी सुरू झाला. मुसलमान नोकरदारांच्या पगारातून दरमहा छोटी रक्कम जमा होऊ लागली आणि नव्या वस्त्यांत मशिदी उभ्या राहिल्या. पण इथेही किंमत मोजावी लागली. मर्यादा भरलेल्या इमारतीत अल्पसंख्याकाला घर विकताना ग्राहक कमी मिळतात, म्हणून भाव कमी येतो. आणि भाड्याने घर देताना मालक वंश पाहतो, ही तक्रार तिथेही ऐकू येते.

आम्हाला या तुलनेत कोण जिंकले हे सांगायचे नाही. मागासलेल्याला हात देणे आवश्यक आहे आणि एकत्र राहणेही आवश्यक आहे. मात्र सवलत गरज पाहून मिळावी, आणि एकत्र राहण्याचा भार दुबळ्यावरच पडू नये.

आपल्या शहरांत नाव ऐकून घर नाकारले जाते, हे आपल्या कितीतरी कुटुंबांनी अनुभवले आहे. त्याविरुद्ध कायदा हवाच, आणि तो आपण मागितलाच पाहिजे. पण आपल्या मोहल्ल्यात दुसऱ्या धर्माचे कुटुंब घर शोधत आले, तर आपण काय उत्तर देतो? इस्लामने शेजाऱ्याचा हक्क सांगितला, तेव्हा शेजाऱ्याचा धर्म विचारला नाही. सरकार दोन दारे समोरासमोर आणू शकते. ती उघडायची की नाही, हे घरातल्या माणसांनीच ठरवायचे आहे.