भाकरीचा पापुद्रा आणि मुलांचे सँडविच

‘सँडविच’ हे मूळचे खाद्यपदार्थाचे नाव नव्हे. ते इंग्लंडच्या केंट परगण्यातील एका गावाचे नाव होय. तेथील चौथे अर्ल जॉन मॉन्टेग्यू (१७१८–१७९२) यांच्या पदवीवरून ते पदार्थास मिळाले. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. शब्द परके असले, तरी दोन आवरणांत सारण ही रचना सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरास परकी नाही.

अमेरिकेत मुलांच्या डब्यात रूढ असलेल्या सँडविचमध्ये पांढरा पाव, शेंगदाण्याचे लोणी व फळांचा गोड जॅम हे तीन घटक असतात. यांतील दोष शेंगदाण्याचा नसून मैद्याचा व साखरेचा आहे. तेव्हा व्याकरणातील आदेशाप्रमाणे स्थान कायम ठेवून केवळ स्थानी बदलावा, हे उचित.

पावाच्या स्थानी ज्वारीची भाकरी येते. माण, खटाव, जत या कोरडवाहू तालुक्यांचे हे नित्याचे अन्न असून त्यात मैद्याच्या कितीतरी पट तंतू असतात. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिचा पाव फुगत नाही. परंतु विस्तवावर भाकरी आतील वाफेने फुगते आणि पापुद्रा सुटतो. कडेने उकललेला हा पापुद्राच सँडविचचा खिसा होय.

जॅमच्या स्थानी तासगावचा बेदाणा येतो. ‘बे-दाना’ म्हणजे फारशीत ‘बिनबियांचा’. चमचाभर बेदाणे भिजवून वाटावेत व भाजलेल्या शेंगदाण्यांच्या बारीक कुटात मिसळावेत. बेदाण्यातही साखर असतेच. म्हणून प्रमाण चमच्यापुरतेच ठेवावे. खवट वा बुरशी आलेले दाणे टाकून द्यावेत. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, कारण ते घशात अडकण्याचा धोका असतो. ज्यांना शेंगदाणा सोसत नाही त्यांच्यासाठी हे सारण नव्हेच.

खरी अडचण दुपारी उद्भवते. निवलेली भाकरी कडक होते आणि डबा तसाच घरी परत येतो. यासाठी पीठ उकळत्या पाण्यात मळावे, भाकरी पातळ थापावी, ऊन असतानाच आतून तूप लावावे व फडक्यात गुंडाळावी.

नावाचा प्रश्न उरतो. आजीच्या पिढीने ‘भाकरी’ म्हटलेली वस्तू नातवंडाने ‘सँडविच’ म्हणून मागितली, तर त्यात भाषेची हानी नाही. शब्द उसना घेऊन अन्न घरचे राखता येते. याच्या उलट व्यवहार मात्र मुलाच्या प्रकृतीस महाग पडतो.