सिल्व्हर ॲपल्स
सायकेडेलिक रॉक संगीतातील एक अमेरिकन वादकद्वय. गायक व आंदोलकवादक सिमियन कॉक्स (४ जून १९३८–८ सप्टेंबर २०२०) आणि तालवादक डॅनी टेलर (मृत्यू २००५) यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्क शहरात ही जोडी उभी केली. तिचे नाव डब्ल्यू. बी. येट्स या आयरिश कवीच्या एका कवितेवरून घेतलेले आहे.

दोघेही आरंभी ‘ओव्हरलँड स्टेज इलेक्ट्रिक बँड’ या रूढ पद्धतीच्या रॉक वाद्यवृंदात होते. सिमियनने १९४० च्या दशकातील एक जुना श्राव्य आंदोलक कार्यक्रमात वाजविण्यास सुरुवात केली. ते गिटारवादकांना रुचले नाही व एकेक करून ते निघून गेले. टेलर तेवढा राहिला. अशा रीतीने गिटारविरहित रॉक ही कल्पना काहीशी नाइलाजातून जन्मास आली.

आंदोलक हे मूलतः वाद्य नव्हे. विशिष्ट कंप्रतेचा विद्युत् संकेत निर्माण करणारे ते प्रयोगशाळेतील चाचणी-उपकरण होय. चकती फिरविली की कंप्रता, म्हणजेच स्वराचे तारत्व बदलते. परंतु ते सलग सरकत जाते, त्याला पट्ट्या नसतात. त्यामुळे सिमियनने अनेक आंदोलक एकत्र जोडून प्रत्येकाला ठराविक स्वर नेमून दिला आणि तारयंत्राच्या कळांनी तो स्वर हवा तेव्हा उघडला वा बंद केला. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर या यंत्रसंचात नऊ आंदोलक व शहाऐंशी नियंत्रणे असल्याचे नमूद आहे. वरचे स्वर हात, कोपर व गुडघे यांनी, तर खर्जाचे स्वर पायांनी वाजविले जात. या संचालाच पुढे ‘द सिमियन’ असे नाव पडले.

एका गीतात उपलब्ध स्वर मोजकेच असल्याने पाश्चात्त्य रॉकमधील स्वरसंघातांची अदलाबदल येथे जवळजवळ नाही. एकच नाद अखंड गुंजत राहतो आणि त्यावर गायन तरंगते. तंबोऱ्याच्या साथीला सरावलेल्या श्रोत्यास ही रचना फारशी परकी वाटणार नाही. अर्थात साम्य एवढ्यापुरतेच. टेलरने आपले ढोल गीताच्या स्वरांशी जुळवून घेतले व पुनरावृत्त लयबंधांतून गीताला गती दिली. त्याच्या वादनावाचून सिमियनचे आंदोलक केवळ कुतूहलाचा विषय ठरले असते. या जोडीस संश्लेषक-संगीताची जनक म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि त्या काळी उपलब्ध असलेल्या मूग संश्लेषकाशी या ओबडधोबड यंत्राचे नाते दूरचेच होते, आणि जोडीचे वैशिष्ट्य यंत्राच्या सामर्थ्यात नसून त्याच्या मर्यादा स्वीकारण्यात होते.

सिल्व्हर ॲपल्स (१९६८) व काँटॅक्ट (१९६९) या दोन ध्वनिमुद्रिका कॅप रेकॉर्ड्सने प्रकाशित केल्या. पहिलीतील ‘ऑसिलेशन्स’ हे गीत विशेष प्रसिद्ध आहे. दुसरीत सिमियनने काही ठिकाणी बँजोही वाजविला आहे. मात्र ती गाजली निराळ्याच कारणाने. मुखपृष्ठावर दोघे पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाच्या वैमानिककक्षात बसलेले, तर मलपृष्ठावर विमानाच्या अवशेषांत बसलेले दाखविले होते. कंपनीने दावा लावला. ध्वनिमुद्रिकेची विक्री थांबली, पुढे कॅप रेकॉर्ड्सही बंद पडली आणि जोडी विखुरली. तिसरी ध्वनिमुद्रिका अप्रकाशितच राहिली. सिमियन काही काळ दूरचित्रवाणी-वार्ताहर होता.

जर्मनीत १९९४ मध्ये दोन्ही ध्वनिमुद्रिका परवानगीवाचून पुन्हा निघाल्या आणि नव्या पिढीचे लक्ष वेधले गेले. सिमियनने १९९६ मध्ये नव्या साथीदारासह पुनरारंभ केला व बीकन (१९९७) ही ध्वनिमुद्रिका काढली. पुढे टेलरचा शोध लागला. त्याने जपून ठेवलेल्या फितींवरून द गार्डन (१९९८) प्रकाशित झाली आणि मूळ जोडी पुन्हा रंगमंचावर आली. परंतु लवकरच झालेल्या मोटार-अपघातात सिमियनच्या मानेचे हाड मोडले व कार्यक्रम खंडित झाले. टेलरच्या निधनानंतर सिमियन एकटाच कार्यक्रम करू लागला. तालासाठी तो टेलरच्या ध्वनिमुद्रित वादनाचे तुकडे वापरीत असे. क्लिंगिंग टू अ ड्रीम (२०१६) ही त्याची अखेरची ध्वनिमुद्रिका होय.