यंत्राने दिलेला शब्द

पेढीवरच्या मुनिमाने मालकाच्या वतीने गिऱ्हाइकाला शब्द दिला, तर तो मालकाला पाळावा लागतो, हा व्यापारातला जुना दंडक १८७२ च्या भारतीय करार कायद्याने आपल्या दहाव्या प्रकरणात लेखी स्वरूपात आणला आणि दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याला अभिकर्ता असे नाव दिले. या कायद्यातला अभिकर्ता ही एक व्यक्ती आहे. तिला अधिकार देता येतो, तिच्याकडून हिशेब मागता येतो आणि चूक झाल्यास तिला जाब विचारता येतो. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकाला उत्तर देणे, मालाचा भाव ठरवणे, नोकरीसाठी आलेल्या अर्जांची चाळणी करणे, कर्ज मागणाऱ्याची पत जोखणे ही मुनिमाची कामे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागली आहेत, आणि तिला मात्र जाब विचारण्याची कोणतीही सोय नाही. या तंत्राच्या धोक्यांची चर्चा बहुधा यंत्र किती चुकते आणि किती नोकऱ्या खाते एवढ्यावरच थांबते. अधिकार यंत्राकडे सरकतो आणि उत्तरदायित्व जागच्या जागी राहते, ही त्याहून मूलभूत अडचण तिच्यात मागे पडते.

हे अंतर का पडते हे समजण्यासाठी यंत्राच्या कामाची रीत थोडी पाहावी लागते. व्याज आकारणाऱ्या जुन्या संगणकीय प्रणालीत नियम माणसाने लिहिलेले असत, त्यामुळे उत्तर चुकले तर कोणत्या ओळीत चूक झाली हे दाखवता येई. आजची प्रणाली नियम घेऊन येत नाही. विदा, म्हणजे व्यवहारात ज्याला डेटा म्हणतात तो नोंदींचा साठा, तिच्यापुढे ठेवला जातो आणि त्यातले आकृतिबंध ती स्वतः शोधून काढते. तिने शोधलेले हे नाते लाखो किंवा अब्जावधी आकड्यांत विखुरलेले असल्याने एखाद्या निर्णयाचे सरळ कारण सांगणे तिच्या निर्मात्यांनाही अवघड जाते. संवाद साधणारी भाषा-प्रारूपे, म्हणजे लँग्वेज मॉडेल, तर आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्दखंड कोणता येण्याची शक्यता अधिक आहे एवढेच ठरवत जातात. वाक्य खरे आहे की नाही हे पाहणारी वेगळी पायरी त्यांच्या मूळ रचनेत नाही, म्हणून खरे आणि खोटे दोन्ही ती सारख्याच ठामपणे सांगतात. या दोषाला भ्रम म्हणण्याचा प्रघात पडू लागला आहे, जरी भ्रम होण्यासाठी आधी भान असावे लागते.

असा ठामपणे दिलेला चुकीचा शब्द कोणाला बांधतो, हा प्रश्न कॅनडात एका अगदी लहान रकमेच्या दाव्यातून पुढे आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे प्रवास करावा लागलेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने, म्हणजे लेखी संवाद करणाऱ्या स्वयंचलित सहायकाने, असे सांगितले की, तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत अर्ज केल्यास शोकप्रसंगीची सवलत मागाहूनही मिळेल. कंपनीचा प्रत्यक्ष नियम याच्या नेमका उलट होता आणि तो त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला होता. सवलत नाकारली गेल्यावर प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी तंटा न्यायाधिकरणापुढे गेले. तेथे कंपनीच्या बचावाचा एक आशय असा निघाला की, चॅटबॉट ही जणू वेगळी विधिमान्य व्यक्ती असून आपल्या कृतीची जबाबदारी तिची तीच आहे. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात न्यायाधिकरणाने हा युक्तिवाद फेटाळला, संकेतस्थळावरील सर्व माहितीची जबाबदारी, मग ती साध्या पानावर असो वा चॅटबॉटच्या तोंडी असो, कंपनीचीच ठरवली, आणि नुकसानभरपाई, व्याज व शुल्क मिळून सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर देण्याचा आदेश दिला. रक्कम क्षुल्लक असली तरी हा निर्णय जगभर वाचला गेला, कारण मुनिमाच्या शब्दाला मालक बांधील असतो हे तत्त्व मुनीम माणूस नसतानाही टिकते, असे त्यातून स्पष्ट झाले.

भारतात हे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ११ नुसार, एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी सिद्ध केलेल्या यंत्रणेने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख हा त्या व्यक्तीचाच मानला जातो. हे कलम लिहिताना आजचे चॅटबॉट कोणाच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नव्हते, तरीही त्याची शब्दरचना त्यांना चपखल लागू पडेल अशी आहे. न्यायालयांचा कलही याच दिशेचा दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर निर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधारासाठी दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. यंत्रणेने पुढे केलेले निष्कर्ष पडताळून न पाहता अर्धन्यायिक कामात वापरू नयेत, अशी समज न्यायालयाने त्या वेळी दिली. आदेशाची जबाबदारी त्यावर सही करणाऱ्याचीच राहते, हे येथे ओघानेच आले.

चुकीच्या शब्दापेक्षा चुकीचा भाव महाग पडतो, आणि त्याचे आजवरचे सर्वांत बोधक उदाहरण अमेरिकेतील झिलो या कंपनीचे आहे. ही कंपनी २००६ पासून देशभरातील घरांच्या किमतींचा संगणकीय अंदाज आपल्या संकेतस्थळावर फुकट दाखवत होती आणि लोकांना तो पाहण्याची सवयही लागली होती. २०१८ मध्ये तिने एक पाऊल पुढे टाकून स्वतःच घरे विकत घेण्याचा आणि किरकोळ दुरुस्ती करून ती लगेच विकण्याचा धंदा सुरू केला, आणि २०२१ मध्ये काही शहरांत तो संगणकीय अंदाज हाच खरेदीचा प्रारंभिक देकार म्हणून वापरण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला हा विभाग बंद करत असल्याचे तिने जाहीर केले; हाती असलेल्या घरांच्या मूल्यात तिला केवळ एका तिमाहीत सुमारे ३० कोटी ४० लाख डॉलरची घट दाखवावी लागली, आणि जवळजवळ एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला.

येथे यंत्र अचानक बिघडले नव्हते. फुकट दाखवलेला अंदाज पाच टक्क्यांनी चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही, परंतु घर घेऊन विकण्याच्या धंद्यात एकूण नफाच काही टक्क्यांचा असतो, त्यामुळे तीच चूक नफा गिळून वर भांडवलाला हात घालते. शिवाय या चुका परस्परांना छेद देऊन नाहीशा होत नाहीत. ज्याच्या घराला यंत्राने कमी भाव लावला तो मालक देकार नाकारतो. ज्याच्या तळघरात ओल आहे, पण यंत्राला ती दिसली नाही, तो मात्र आनंदाने सही करतो, आणि अशा रीतीने जास्त भाव लावलेली घरेच नेमकी कंपनीच्या पदरात जमा होत जातात. अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात, आणि जॉर्ज आकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणावरून ती समजावून दिली होती. दुसरे कारण असे की, प्रारूपाला भूतकाळच ठाऊक असतो. महासाथीनंतर तापलेला घरबाजार थंडावू लागला तेव्हा तसा काळ त्याच्या नोंदींत क्वचितच होता. याच धंद्यातली ओपनडोअर ही स्पर्धक कंपनी त्या काळात टिकून राहिली, यावरून दोष एकट्या तंत्राच्या माथी मारता येणार नाही हेही कळते. अंदाजाचा अधिकार कधी वाढवायचा आणि कधी आवरायचा, हे ठरवणारी माणसेच होती.

भूतकाळातून शिकण्याचा दुसरा परिणाम नोकरभरतीत दिसतो, आणि तो पैशाने मोजण्यासारखा नाही. ॲमेझॉनने २०१४ पासून उमेदवारांच्या अर्जांना एक ते पाच तारे देणारी प्रणाली घडवण्यास सुरुवात केली. तिला शिकवण्यासाठी वापरलेल्या दहा वर्षांच्या अर्जांत पुरुषांचे अर्ज बहुसंख्य असल्याने तिने पुरुष असणे हेच योग्यतेचे चिन्ह मानले आणि ‘महिलांचा’ या अर्थाचा शब्द असलेल्या अर्जांचे, उदाहरणार्थ एखाद्या महिला बुद्धिबळ मंडळाचा उल्लेख असलेल्या अर्जाचे, गुण कमी केले. ते शब्द वगळून पाहिले तरी भेदभावाची दुसरी एखादी वाट ती शोधणार नाही अशी खात्री देता येईना, म्हणून हा प्रयोग मोडीत काढण्यात आला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सच्या वृत्तामुळे तो जगापुढे आला. माणसाचा पूर्वग्रह निदान उलटतपासणीत पकडता येतो. यंत्राचा पूर्वग्रह मात्र आकडेवारीचे सोवळे नेसून येतो.

गोपनीयतेचा धोका तुलनेने सरळ आहे, परंतु तो फार लवकर ओढवतो. २०२३ च्या वसंतात सॅमसंगच्या अर्धसंवाहक विभागात चॅटजीपीटी वापरण्याची मुभा मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच कर्मचाऱ्यांनी अंतर्गत संगणकीय संहिता आणि बैठकीचा वृत्तान्त त्यात टाकल्याचे तीन प्रसंग घडले, आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. काम लवकर व्हावे एवढीच इच्छा होती, आणि म्हणूनच केवळ बंदीने हा प्रकार थांबत नाही, तो खासगी मोबाइलवर सरकतो. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ग्राहकांची माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, तेव्हा ग्राहकांची यादी सहज चॅटबॉटमध्ये चिकटवणारा लेखनिक आपल्या मालकासाठी केवढा धोका पत्करतो, हे त्याला सांगितलेले बरे.

या सर्वांवर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे यंत्राच्या निर्णयावर माणसाची देखरेख ठेवणे. तो आवश्यक आहे, पण वाटतो तितका सोपा नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की, स्वयंचलित यंत्रणा जितकी चांगली, तितका तिच्यावर नजर ठेवणारा माणूस कामाच्या सरावाला मुकतो, आणि क्वचित येणाऱ्या कठीण प्रसंगी नेमक्या त्याच सरावाची अपेक्षा त्याच्याकडून केली जाते. शंभरातली नव्व्याण्णव उत्तरे बरोबर आलेली पाहिल्यावर शंभरावे उत्तर डोळ्यांत तेल घालून वाचणारा विरळाच. बाकीच्यांची सही हा निव्वळ शिक्का होतो. त्यातच खर्च वाचवण्यासाठी अनुभवी माणसे आधीच कमी केलेली असतील तर देखरेख कोण करणार, हा प्रश्न उरतो. स्वीडनच्या क्लार्ना या वित्तसेवा कंपनीने २०२४ मध्ये आपला संवादसहायक ७०० कर्मचाऱ्यांचे काम करतो असे अभिमानाने जाहीर केले होते. पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी खर्चावर अति भर दिल्याने सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून ग्राहकसेवेसाठी पुन्हा माणसे घेण्यास सुरुवात केली.

महाराष्ट्रातील लहान उद्योग आणि सहकारी संस्था यांची स्थिती या बड्या कंपन्यांहून वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी अहवाल सादर केला. त्यासाठी पाहणी केलेल्या ६१२ संस्थांपैकी सुमारे एक पंचमांश संस्थाच हे तंत्र वापरत किंवा विकसित करत होत्या आणि लहान नागरी सहकारी बँकांत तर त्याचा वापर जवळपास नव्हताच. याला निव्वळ मागासलेपण म्हणणे अन्यायाचे ठरेल. जिथे निम्म्या नोंदी टॅलीत, काही एक्सेलमध्ये आणि उरलेल्या वहीत असतात, तिथे प्रारूपाला शिकवण्याजोगी विदाच तयार नसते, आणि ती तयार करण्याचा खर्च विक्रेत्याच्या दरपत्रकात कधी दिसत नाही. भाषेचाही एक छुपा भुर्दंड आहे. ही प्रारूपे मजकुराचे लहान तुकडे करून त्या तुकड्यांच्या संख्येवर शुल्क आकारतात, आणि त्यांची घडण मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झालेली असल्याने तोच आशय मराठीत मांडला की साधारणपणे अधिक तुकडे पडतात. म्हणजे मराठी गिऱ्हाइकाला मराठीत उत्तर देणाऱ्या दुकानदाराला बहुधा अधिक पैसे मोजून कमी भरवशाची सेवा मिळते.

मोठी कंपनी असो वा लहान, चूक घडल्यावर तिला करारपत्र उघडावे लागते, आणि तिथे बहुधा निराशाच पदरी पडते. अशा सेवा पुरवणाऱ्यांचे प्रमाणित करार आपले दायित्व साधारणपणे ग्राहकाने आदल्या बारा महिन्यांत भरलेल्या शुल्काच्या आसपास मर्यादित ठेवतात आणि उत्तराची अचूकता तपासण्याचे काम वापरणाऱ्यावर सोपवतात. कायदा बोट दाखवतो धंद्याच्या मालकाकडे, मालक पाहतो विक्रेत्याकडे, आणि विक्रेत्याने तर करारातच हात झटकलेले असतात. उरतो तो विमा. अमेरिकेत व्यावसायिक दायित्व विम्याच्या नमुना अटी तयार करणाऱ्या व्हेरिस्क या संस्थेने, मजकूर निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे झालेले नुकसान विम्यातून वगळण्याची मुभा देणारी कलमे जानेवारी २०२६ पासून विमा कंपन्यांना उपलब्ध करून दिली आहेत.