रक्तदाब आणि ताठरलेल्या धमन्या

हृदय रक्त ठोक्याठोक्याने सोडीत असले, तरी केशवाहिन्यांपर्यंत ते जवळजवळ अखंड वाहत पोहोचते, याचे श्रेय महाधमनीच्या स्थितिस्थापक भित्तीस आहे. ठोक्यासरशी ती फुगते, काही रक्त तूर्त राखून ठेवते आणि हृदय विसावताच आकुंचन पावून ते पुढे रवाना करते. इंग्लंडातील स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली या क्रियेची तुलना आगीच्या बंबातील हवेच्या कोठीशी केली होती.

वाढत्या वयाने आणि वर्षानुवर्षे चढ्या राहिलेल्या दाबाने भित्तीतील इलॅस्टिनचे तंतू तुटत जाऊन कोलॅजनचे प्राबल्य झाले, म्हणजे तरुणपणी सेकंदास सुमारे ५ ते ६ मीटर वेगाने जाणारी नाडीची लहर १० मीटरांहूनही अधिक वेगाने धावू लागते. परिणामी वरचा दाब चढतो, हृदयावर जादा भार पडतो, आणि मेंदू व मूत्रपिंडे यांतील नाजूक वाहिन्यांना ठोक्यांचा आघात सोसावा लागतो. त्यातच रक्त दाट झाले, किंवा लहान धमन्या अरुंद झाल्या, तर प्रवाहास होणारा विरोधही वाढतो. प्वाझय यांच्या नियमानुसार त्रिज्या निम्मी झाली असता तो सोळापट होतो.

ही हानी बहुधा वेदनेवाचून होत असल्यामुळे, प्रकृती ठणठणीत वाटत असली तरी प्रत्येक प्रौढाने रक्तदाब नियमितपणे मोजून घ्यावा, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करू नये.