न छेडलेला गंधार

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार त्यात कुठेच नाही. तरीही तंबोरा नीट लागला की खर्जाच्या झंकारातून गंधार वर येतो. शेजारी बसून कुणी हलकेच गुणगुणावं इतका स्पष्ट. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी गाणं शिकू लागले तेव्हा कित्येक महिने मला तो ऐकू येत नव्हता. माझ्या बाई तंबोरा लावून द्यायच्या आणि विचारायच्या, "आला का?" मी गप्प राहायचे. मग एके दिवशी त्यांनी चारही तारा उतरवल्या आणि तंबोरा माझ्या पुढ्यात ठेवला. "आता तू लाव." तासभर खुंट्या पिळल्यावर, मणी वरखाली केल्यावर तो गंधार मला पहिल्यांदा ऐकू आला. वाद्य तेच होतं, खोलीही तीच.

कला हातात असते की साधनात, या जुन्या वादाकडे मी त्या दिवसापासून तंबोऱ्याच्या बाजूने पाहते. त्यासाठीच मिरजेला गेले.

मिरजेत वाद्यं घडवणारी घराणी मुळात शिकलगारांची. तलवारी, भाले यांना धार लावणं, पाणी देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल बसला, हत्यारांची मागणी आटली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या हातांनी दुसरं काम शोधलं. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातले आद्य मानले जातात. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू गावात होते, विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच त्यांच्याकडे शिकले. वाद्यं बिघडायची आणि दुरुस्तीला जवळचा माणूस हवा असायचा. दुरुस्तीतून घडण आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुळाशी हा पोटापाण्यासाठी केलेला वाटबदल आहे. धातूवर फिरलेली कानस हाडावर आणि शिंगावर फिरू लागली, एवढाच फरक. मला तो फार मोठा वाटतो.

भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हा भाजीचा नव्हे, कडू, जाड सालीचा. वेलावरच पिकू द्यायचा, मग वाळवायचा. कापून आतला गर काढायचा, पाण्यात भिजवून साल मऊ झाली की आकार द्यायचा. दांडीला आणि तबलीला तुणीचं लाकूड. भोपळा कसा निघेल हे कुणाच्या हातात नाही. पाऊस आणि माती ठरवतात. कारागीर शंभर भोपळ्यांवर टिचक्या मारत फिरतो आणि त्यातले मोजके बाजूला काढतो. टिचकीत त्याला काय ऐकू येतं हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं. त्याने दोन भोपळे माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "तुम्हीच वाजवून बघा की."

पण तंबोऱ्याचा जीव भोपळ्यात नसतो. तो असतो घोडीवर, जवारीत. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी अलवार उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर घासत राहते. पूर्वी या घोड्या हस्तिदंताच्या, सांबरशिंगाच्या असत. कारागीर घोडी काढतो, कानशीचे दोन हात मारतो, पुन्हा बसवतो, तार छेडतो, पुन्हा काढतो. यालाच जवारी काढणं म्हणतात. मी पाहत होते त्या सकाळी हे तीसेक वेळा झालं असेल. घासलेला भाग डोळ्यांना दिसत नव्हता. एक हात जास्त पडला की घोडी वाया जाते, पुन्हा पहिल्यापासून.

आणि एवढं करूनही काम संपत नाही. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवावा लागतो. तो केसभर पुढे गेला तर आवाज ठोकळ होतो, केसभर मागे गेला तर तार चरचरते. मधल्या कुठल्याशा जागी अचानक सगळी वाट मोकळी होते आणि गंधार बोलतो.

असं का होतं, हा प्रश्न कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडला होता. १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू असतो ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा युरोपीय विज्ञानात मान्य असलेला नियम होता. वीणा आणि तंबोरा तो नियम मोडतात, हे रामन यांनी दाखवलं. कारण ती वक्र घोडी. स्वयंभू गंधार हा खर्जाचा पाचवा उपस्वर. इतर वाद्यांतही तो असतो, पण दबलेला. शिकलगाराच्या कानशीने त्याला वाट करून दिली, पदार्थविज्ञानाने तिची नोंद घेण्याच्या कितीतरी आधी.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, हा मला योगायोग वाटत नाही. ज्यांचं सारं गाणं स्वराच्या लागण्यावर उभं, ते गाव निवडताना तंबोरा घडवणाऱ्यांच्या शेजारी राहणार. वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात होता. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. शेवटच्या घटकेला त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि गाऊन प्रार्थना केली, असं सांगतात. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि दर वर्षी तिथे गाणं होतं.

हार्मोनियमचा गंधार वेगळा. बारा पट्ट्या समान अंतरावर बसवल्यामुळे तो तंबोऱ्याच्या गंधाराहून साधारण अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका चढा असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींडही त्यातून निघत नाही. या कारणांनी १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण त्या बंदीच्या कितीतरी आधी गोविंदराव टेंबे याच पेटीवर गायक भास्करबुवा बखल्यांची साथ करत होते. पट्ट्यांमधली फट त्यांची बोटं बुजवत होती. साधन उणं असलं तरी हात ते भरून काढू शकतो, याचा मला ठाऊक असलेला सगळ्यात भक्कम पुरावा महाराष्ट्रातली पेटी आहे.

मग इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं काय बिघडलं? हे यंत्र बंगळुरूमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलं आणि आता ते फोनमध्ये मावतं. दोन खोल्यांच्या घरात पहाटे रियाज करणाऱ्या, खरा तंबोरा घेणं न झेपणाऱ्या मुलीसाठी ते वरदान आहे. तिच्याकडून ते काढून घ्यावं असं मी कधीही म्हणणार नाही. त्याचा स्वर उतरत नाही, दमट हवेने बिथरत नाही. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. उतरलेली तार पुन्हा चढवताना कान तयार होतो. पाव तास खुंट्या पिळताना गायक त्या दिवसाच्या रागात शिरत असतो. वादी-संवादी पाहून पहिली तार पंचमात ठेवायची, मध्यमात की निषादात, याचा विचार त्याला करावा लागतो. यंत्र हे सगळं आधीच उरकून देतं. त्याचा आवाज कितीही सुधारला तरी ते गाणाऱ्याकडून काही मागत नाही, आणि जे साधन काहीच मागत नाही त्याच्यासोबत हात तयार होताना मी पाहिलेला नाही. उत्तम गळ्याच्या, दहा वर्षं शिकलेल्या मुलींना तंबोरा लावता येत नाही हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. गळा त्यांचा तयार असतो. कान दुसऱ्या कुणीतरी लावून दिलेला असतो.

दुपारी कारागिराने चारही तारा चढवल्या, जवारी पाहिली आणि तंबोरा माझ्याकडे दिला. मी छेडला. आवाज भरदार होता, पण गंधार नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने सुताचे चार तुकडे तोडून माझ्या तळहातावर ठेवले.

"दोरा मी लावत नाही," तो म्हणाला. "ज्याचं गाणं, त्याने लावायचा."

तो पुढच्या घोडीकडे वळला. मी पहिला दोरा तारेखाली सरकवला.